कुठे टेकलं?

धाकटी येणार असली की थोरलीच्या कपाळाला सकाळीच आठी पडायची. त्या दिवशी तर तिने दात घासता घासताच धाकटीला द्यायची उत्तरं तयार केली होती. त्यातली दोन चांगली झोंबणारी होती. ती मनात घोळवत, चुकून एक थांबा पुढे जाऊन, ती इस्पितळात पोचली.

थोरली मुलांच्या स्पर्शाची मोजणी करायची. हे ऐकून लोकांना हसू यायचं. "म्हणजे गुदगुल्या करायचा पगार घेता?" असं शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं होतं. त्या दिवसापासून थोरलीने त्यांच्याकडे बघणं सोडलं होतं. गुदगुल्यांचा यात काही संबंध नव्हता. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. हात ट्रेमधल्या कणकेसारख्या मऊ लगद्यात अलगद रुतवून ठेवायचा, म्हणजे बोटं हलत नाहीत. मग दांडीला लावलेला नायलॉनचा दोरा बोटाच्या टोकाला वाकेपर्यंत टेकवायचा आणि विचारायचं, "कुठे टेकलं?" मुलाने दुसऱ्या हाताने जागा दाखवायची. खरी जागा आणि दाखवलेली जागा यांतलं अंतर थोरली पट्टीने मोजायची. दोरे बारीक होते, जाड होते. सगळ्यात जाड दोरा टाचेच्या निबर कातडीलाही कळायचा. मधूनच ती काहीही न टेकवता विचारायची, कारण मुलं मन राखायला खोटं बोलतात. समोरची बाई इतकं विचारतेय तर काहीतरी सांगावं, असं त्यांना वाटतं.

मुलांचा तिला राग नव्हता. राग होता तो आईबापांचा. ती माणसं कोपऱ्यात बसून डोळे मोठे करून खुणा करायची, जशा काही त्या पट्टी बांधलेल्या पोराला दिसणारच होत्या. म्हणून तिने दारावर पाटी लावली होती की पालकांनी बाहेर बसावं. आणि सगळ्या पालकांमध्ये जिला बाहेर बसवताना तिला मनापासून बरं वाटायचं, ती तिची स्वतःची धाकटी बहीण होती.

वर्षभरापूर्वीची गोष्ट. थोरलीच्या स्वयंपाकघराच्या दाराला काच होती आणि काचेला तडा होता. तड्यावर चिकटपट्टी लावलेली. उद्या बदलू, परवा बदलू, असं चाललं होतं. धाकटीची मुलगी तेव्हा सात वर्षांची. एका जागी पाय ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. ती नेहमीसारखी पळत आली आणि दार ढकलायला तिने नेमका काचेवर पंजा मारला. उजव्या मनगटाशी खोल कापलं आणि तिथली नस तुटली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, या तिघांची जाणीव त्या नसेवर होती. सर्जनने ती शिवली. जखम भरली. बहिणींमधलं काही भरलं नाही. धाकटीने भिंगरीचं मावशीकडे जाणं बंद केलं, फोन बंद केला, आणि जिला जन्मापासून 'ताई, तू' म्हणत आली तिला 'मॅडम, तुम्ही' म्हणायला लागली. थोरलीही काही कमी नव्हती. काच माझी होती, पण पोरीला घरात पळू नकोस हे आईने शिकवायचं असतं, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली होती. धाकटीच्या कानावर ते जायचं, आणि जावं म्हणूनच ती सांगायची.

शिवलेली नस आपोआप पुन्हा वाढून बोटांपर्यंत पोचते का, हे बघायला भिंगरी अधूनमधून मोजणीला यायची. सर्जनने पहिल्यांदाच सुचवलं होतं, "तुम्ही सख्ख्या मावशी. शेजारच्या खोलीतल्या नव्या मुलीला करू द्या." थोरलीने ते उडवून लावलं होतं. नव्या मुलीच्या हाताला स्थिरपणा नाही, म्हणाली. आणि मोजणी दर वेळी चांगली निघत होती. बोटांना कळत होतं. नस वाढत होती. थोरली बाहेर जाऊन धाकटीला तसं सांगायची आणि मनात म्हणायची, घे, आता बोल.

धाकटीचा विश्वास बसत नव्हता. तिच्या मते बोटं मेलेलीच होती. थोरलीला वाटायचं, हिला पोरीचा हात बरा व्हायलाच नकोय. बरा झाला तर बहिणीला बोल लावायला हिच्याकडे उरेल काय? असा विचार सख्ख्या बहिणीबद्दल येतो कसा, याची तिला लाज वाटत नव्हती. वर्षभरात लाजबीज सगळी विटून गेली होती.

त्या दिवशी निकाल लागायचा होता. सर्जनने स्वच्छ सांगितलं होतं. बोटांना कळत असेल तर हात तसाच सोडायचा. कळत नसेल तर मनगट पुन्हा उघडायचं, पायातली नस काढून तिथे जोडायची, आणि तेही लगेच. उशीर झाला तर नंतर कितीही चांगली नस जोडली तरी हात ती घेत नाही. मग ती बोटं जन्मभर तशीच.

"मॅडम, आत येऊ का?" धाकटी दारात उभी होती. भिंगरी तिच्या हाताखालून केव्हाच आत शिरून फिरत्या स्टुलावर गरगरत होती.

"पालक बाहेर बसतात. पाटी लावलीय."

"वाचता येतं मला. आज मी आत बसणार आहे."

"का?"

"बाहेर बसून पुष्कळ झालं. दर वेळी तुम्ही बाहेर येता, छान आहे म्हणता, आणि घरी गेलं की हिच्या हातातून पेला पडतो."

"मुलांच्या हातून पेले पडतातच."

"आणि हे?" धाकटीने स्टूल थांबवलं आणि मुलीचा उजवा हात वर धरला. तर्जनीच्या टोकाला पट्टी होती. "इस्त्री तापलेली होती. ही टेबलाला टेकून शाळेतलं काहीतरी सांगत होती. मला वास आला म्हणून मी वळले. बोट इस्त्रीला चिकटलेलं, आणि हिचं बोलणं चालूच."

थोरलीचा हात त्या पट्टीकडे जाऊन मागे आला. धाकटीसमोर कळवळेल तर ती थोरली कसली. आणि सकाळच्या उत्तरांपेक्षा धारदार उत्तर आयतं समोर आलं होतं.

"तापलेली इस्त्री आणि शेजारी पोर. वर्षभर माझ्या काचेचा उद्धार चाललाय, मग याला काय म्हणायचं?"

धाकटीचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज चढला नाही. "हे तुम्ही म्हणणार, माहीत होतं मला. वाटेत हिला सांगितलंही, मावशी आता इस्त्रीवर घसरेल."

"सांगितलं होतं," भिंगरी म्हणाली. तिला दोघींच्या भांडणाची इतकी सवय झाली होती की ती त्यात साक्ष द्यायची.

"बस तिथे," थोरली म्हणाली. "भिंतीजवळच्या खुर्चीवर. बोलायचं नाही, उठायचं नाही, माझ्या उजेडात यायचं नाही."

धाकटी बसली. तिच्या जागेवरून थोरलीची पाठ दिसत होती आणि टेबलावरचं अर्धंमुर्धं. थोरलीने भिंगरीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि ट्रे नेहमीसारखा बाजूला सरकवला. भिंगरीचा हात लगद्यात थरथरतो, कारण लगदा गार असतो, असं तिने पहिल्याच वेळी स्वतःला पटवलं होतं. बाकीच्या मुलांना तोच गार लगदा चालायचा. नव्या मुलीला शिकवताना तर ती बजावायची, काहीही झालं तरी मुलाचा हात आपल्या हातात घ्यायचा नाही. पण हा हात निराळा होता. तो वर्षभरात तिला या टेबलाशिवाय कुठे मिळाला नव्हता. ती तो आपल्या डाव्या तळव्यावर घ्यायची. तो गरम असायचा, नखं कुरतडलेली असायची, कधी बोटांवर शाई असायची. घरी धाकटीने दार लावून घेतलं होतं, पण इथे सर्जनचा हुकूम होता, आणि मोजणी संपेपर्यंत हात तिचा होता.

तर्जनी भाजलेली, ती वगळली. थोरलीने अंगठा पाठीमागून, मुळाकडे, दोन बोटांत धरला, घसरू नये म्हणून जरासा उचलला आणि दोरा टेकवला.

"कुठे टेकलं?"

"अंगठ्यावर." भिंगरीने डाव्या हाताने टोक दाखवलं. अंतर मोजायलाही नको इतकं जवळ.

मग मधलं बोट. तेही बरोबर. मग काहीच न टेकवता विचारलं. "नाही टेकलं," भिंगरी म्हणाली. पुन्हा अंगठा, पुन्हा बरोबर. थोरलीला वाटलं, आता वळावं आणि बहिणीचं तोंड बघावं. ती वळलीही.

"तुम्ही तिला खुणा करता," धाकटी म्हणाली.

"काय?"

"कशा करता ते मला इथून दिसत नाही. पण करता. ज्या बोटाला इस्त्री कळली नाही, त्याच्या शेजारच्या बोटाला तुमचा दोरा कळतो? स्वतःच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला पोरीला कामाला लावलंय तुम्ही."

इतक्या वर्षांच्या नोकरीत थोरलीवर असा आळ कुणी घेतला नव्हता. तिचे कान तापले. शेजारच्या बाईंच्या गुदगुल्या परवडल्या, असं तिला वाटलं. खुणा करायची गोष्ट तिच्या मनातही आली नव्हती, आणि म्हणूनच ती इतकी पेटली. तिने ट्रे ओढून पुढ्यात घेतला, तो टेबलावर आपटला तसा पट्टीखालून भिंगरी दचकली.

"ठीक आहे. हिचा हात आता माझ्या हातात नसेल. परक्या पोराचा मोजते तसा मोजते. आणि झालं की तू माझी माफी मागायची. इथे, या खोलीत, हिच्यासमोर."

"मागेन," धाकटी म्हणाली. "खरं निघालं तर पायाही पडेन."

थोरलीने भिंगरीचा हात लगद्यात बसवला, तळवा वर, बोटं सुटी. लगदा गार होता आणि हात मुळीच थरथरत नव्हता. हे तिच्या लक्षात आलं, पण ती रागात होती. तिने मघाचाच दोरा घेतला आणि अंगठ्याला टेकवला. दोरा वाकला.

"कुठे टेकलं?"

भिंगरी गप्प. ऐकत असल्यासारखी मान एका बाजूला.

थोरलीने जाड दोरा घेतला. तो वाकला. भिंगरी गप्पच. मधल्या बोटाला टेकवला, तरी गप्प. मग करंगळीला टेकवला, जिची नस कधी तुटलीच नव्हती.

"करंगळी," भिंगरी लगेच म्हणाली. "टोकाला."

थोरलीने सगळ्यात जाड दोरा काढला. अंगठ्याच्या टोकावर तो टेकवला, दाबला, वाकवला आणि तसाच धरून ठेवला. कातडीत खळगा पडलेला तिला दिसत होता. भिंगरीने जांभई दिली.

"मावशी, करंगळीवरच का थांबलीस? बाकीच्या बोटांचं सुरू कधी करणार?"

दोरा अजून अंगठ्यात रुतलेला होता.

"सुरू केलंय ना तुम्ही?" मागून धाकटीने विचारलं. तिला पाठीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

थोरलीला सगळं एका दमात कळलं. ती शिकलेली बाई होती, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि त्याच दमात हेही कळलं की अजून काही बिघडलेलं नाही. 'नाही, अजून नाही' एवढंच म्हणायचं. हात लगद्यातून काढून तळव्यावर घ्यायचा. सगळी उत्तरं बरोबर येतील, सर्जन खूश, काचेचं प्रकरण मिटलं, धाकटी तोंड मिटून बसेल कुठेतरी. तसं तिला करावंसं वाटलं. खोटं कशाला, चांगलंच वाटलं. मग तिची नजर तर्जनीच्या पट्टीवर गेली.

तिने दोरा उचलला. "सुरू केलंय," ती म्हणाली. "संपलंही."

"संपलं?" भिंगरीने पट्टी वर सरकवली. "असं कसं? तू बोट उचललंसच नाही."

"म्हणजे?" धाकटी उठून उभी राहिली.

"मावशी बोट उचलते ना. ज्या बोटाला टेकवणार ते आधी उचलते. मग मी सांगते." भिंगरीला यात काहीच विशेष वाटत नव्हतं. "आज मध्येच विसरली."

धाकटी टेबलाशी आली आणि लगद्यातल्या हाताकडे बघत राहिली.

"बोटाच्या पाठीवरची, मुळाकडची जाणीव वेगळ्या नसेवर असते," थोरली म्हणाली. "ती कापलेली नव्हती. मी तिथे धरायचे आणि दोरा टेकवायच्या आधी जरासं उचलायचे. हिला ते कळायचं. दोरा कळत नव्हता. कधीच कळला नव्हता."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"बाकीच्या पोरांचे हात असे धरतेस?" वर्षभराने तिने तू म्हटलं, आणि तेही असं.

"नाही."

"मग हिचाच का?"

"तू दुसरीकडे कुठे धरू देत होतीस?"

धाकटी हसली. ते हसू थोरलीला लहानपणापासून माहीत होतं, ते रडण्याच्या जागी यायचं. "वा. म्हणजे हेही माझ्याच माथी."

"नाही," थोरली म्हणाली. "हे माझ्या माथी."

तिने तिथूनच सर्जनला फोन लावला आणि धाकटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की आधीच्या सगळ्या मोजण्या फेकून द्या, बोटांना काही कळत नाही, आणि चूक कशी झाली तेही सांगितलं, आडपडदा न ठेवता. पलीकडून जे उत्तर आलं ते तिने जसंच्या तसं बहिणीला सांगितलं.

"याच आठवड्यात करू म्हणाले. अजून वेळ गेलेली नाही. पण आधी कळतं तर हात जास्त सुधारला असता, असंही म्हणाले."

"हेही सांगायलाच हवं होतं का तुला?"

"हो."

धाकटीने पर्स उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "माफी मागायची होती ना कुणीतरी? या खोलीत, हिच्यासमोर?"

"चुकलं माझं," थोरली म्हणाली.

"आणि काचेचं?"

वर्षभर थोरलीने काचेबद्दल शंभर गोष्टी सांगितल्या होत्या, पण ही एक सांगितली नव्हती. "काचेचंही चुकलं."

"हं." धाकटीने ते ऐकून घेतलं आणि ठेवूनही घेतलं, परत काही दिलं नाही. "ऑपरेशनला येऊ नकोस. आणि नंतर मोजायला मला दुसरं कुणीतरी हवं."

"शेजारच्या खोलीतली मुलगी मोजेल. मी आत्ताच सांगते तिला."

"तिच्या हाताला स्थिरपणा नाही म्हणाली होतीस."

"चांगला स्थिर आहे तिचा हात. मी खोटं बोलले होते."

भिंगरीने हात लगद्यातून ओढून काढला. "मी नापास झाले?"

"नाही गं," थोरली म्हणाली. "तू सगळं खरं सांगितलंस."

"मग मला उद्यापासून ती दुसरी मोजणार? ती हात धरते?"

"नाही धरत," थोरली म्हणाली. "म्हणूनच."

निघताना भिंगरी नेहमी उजवा हात पुढे करायची, आणि मावशी तो मोठ्या माणसांसारखा जोरजोरात हलवायची. तिने आजही केला. थोरलीने बहिणीकडे पाहिलं. धाकटी दार उघडून उभी होती. "चल," ती म्हणाली आणि पुढे केलेला तो हात तिनेच धरला. जिन्यावर भिंगरीच्या बुटांची टकटक ऐकू आली, मग 'पळू नकोस' असं धाकटीचं ओरडणं.

थोरली शेजारच्या खोलीत गेली, सांगायचं ते सांगितलं आणि परत आली. बाहेरच्या बाकावर एक मूल आणि त्याचा बाप वाट बघत होते. ट्रेमधल्या लगद्यात हात उमटलेला होता, पाची बोटं, अंगठ्याचं टोक इतकं स्पष्ट की त्यावरच्या रेषाही दिसत होत्या. पुढच्या मुलासाठी लगदा सपाट करावा लागतो. थोरली थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने स्वतःचा तळवा त्यावर ठेवला, ठसा पुसला जाईपर्यंत दाबला आणि दाराकडे तोंड करून पुढच्याला हाक मारली.